वर्गणी नव्हे, वाटा!

मैत्रिणींनो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपूर-विदर्भात तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी नंदी सजवतात, त्याला घुंगरं बांधतात आणि घरोघर नेऊन अगदी हक्काने बोजारा मागतात. कुणी दोन रुपये देतं, कुणी दहा, कुणी हातावर चॉकलेट ठेवतं. संध्याकाळी ती चिल्लर मोजताना पोरांच्या चेहऱ्यावर जो रुबाब असतो, तो एखाद्या सावकाराच्याही चेहऱ्यावर नसेल. मागण्यात लाज नाही आणि देण्यात मोठेपणा नाही, हे मुलं तिथेच पहिल्यांदा शिकतात.

पण हीच पोरं मोठी झाली की चित्र बदलतं. गल्लीतलं मंडळ, कॉलेजचा ग्रुप, शिबिर, नाटक, सहल... पैसे लागले की एखाद्या बड्या माणसाकडे जायचं, त्याच्या फोटोचा मोठा बॅनर लावायचा, झालं काम! आईच्या पर्समधल्या वीस रुपयांना मग कोण विचारतो? आणि पुढच्या वर्षी त्या बड्या माणसाचा मूड बदलला, की मंडळही बंद.

म्हणूनच आज एका फार छोट्या, पण अस्सल मराठी समाजाकडे वळू या. आपल्या महाराष्ट्रातले ज्यू! त्यांच्या धर्मात पैसा गोळा करण्याचे काही नियम आहेत, काही गमतीदार रीती आहेत. जगभरातले ज्यू तरुण-तरुणींचे गट त्यांवरच चालतात. यातलं बरंचसं आपल्या महिला मंडळालाही सहज जमण्यासारखं आहे.

शनवार तेली ते पेणकर, रोहेकर

आपल्या विदर्भात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर नाही. त्यामुळे 'ज्यू' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इस्रायल येतं. पण कोकणात अलिबागजवळच्या नवगावला जाऊन विचारा. फार पूर्वी तिथल्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश कोकणात वाढला, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. या मंडळींनी तेलाचे घाणे चालवले. शनिवार हा त्यांचा पवित्र विश्रांतीचा दिवस, म्हणजे शब्बाथ. त्या दिवशी घाणा बंद! म्हणून गावाने त्यांना नाव दिलं, 'शनवार तेली'.

गावावरून आडनावं पडली. पेणकर, रोहेकर, नवगावकर, अष्टमकर, दिवेकर, केहिमकर. घरात बोली मराठी, अंगावर नऊवारी, हातात हिरवा चुडा. सण ज्यू, पण नावं मराठी. पुरीमला ते 'होळीचा सण' म्हणायचे, कारण तो होळीच्या सुमारासच येतो, आणि त्या दिवशी घरात पुरणपोळी असायची! नवस फेडायचा तर 'मलिदा' करायचा. पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि फळं असा तो प्रसाद. नववर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला.

अलिबागची 'इस्रायल आळी', ठाण्यातलं १८७९ सालचं सिनेगॉग, पुण्यातलं 'लाल देऊळ' ही सगळी त्यांच्या वस्तीची खूण. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल इझेकियल दिवेकर यांनी बांधलं. 'मशीद' या रेल्वे स्टेशनाचं नाव याच सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात.

१९४८ मध्ये इस्रायल स्वतंत्र झालं, तेव्हा बेने इस्रायल समाज वीस हजारांच्या आसपास होता. पुढच्या दशकांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. आज अश्दोद, लोद, दिमोना, बीरशेबा अशा शहरांत मराठी बोलणाऱ्या आज्या भेटतात. इकडे मात्र २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ज्यूंची नोंद उरली अडीच हजारांच्या आसपास. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

चार पोरं एकत्र यावीत म्हणून

आता विचार करा. अख्ख्या राज्यात अडीच हजार माणसं, म्हणजे आपल्याकडच्या एका मध्यम गावापेक्षाही कमी. तीही मुंबई, ठाणे, पुणे, रायगड अशी विखुरलेली. अशा समाजातल्या सोळा वर्षांच्या मुलीला आपल्या वर्गात आपल्या धर्माची दुसरी मुलगी भेटत नाही. सण का करायचा, शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्ती का लावायची, हिब्रू अक्षरं कशी वाचायची, हे तिने शिकायचं कुणाबरोबर? आणि पुढे लग्नाचं काय? हा प्रश्न तर प्रत्येक आईच्या उशाशी असतोच.

म्हणून तरुणांच्या गटाला इथे फार मोल आहे. मुंबईत 'ज्यूइश यूथ पायोनियर्स' नावाचा गट याच कामासाठी उभा राहिला. जगात असे गट पुष्कळ आहेत. 'हाबोनीम' १९२९ साली लंडनमध्ये सुरू झाला. 'बेने अकिवा'ही त्याच वर्षीचा, जेरुसलेममधला. अमेरिकेतल्या ओमाहा शहरात ज्यू मुलांचा एक संघ १९२४ साली आकाराला आला, आज त्याच्या शाखा अनेक देशांत आहेत. सगळीकडे कार्यक्रम थोड्याफार फरकाने सारखेच. शिबिर, गाणी, नाटक, खेळ, सण, समाजसेवा.

आणि सगळीकडे अडचणही तीच. पैसा! शिबिराची जागा, बसचं भाडं, जेवण, साहित्य. शिवाय ज्याच्या घरी परिस्थिती बेताची आहे, त्या पोराची फी कोण भरणार? 'पैसे नाहीत म्हणून आला नाही' असं एकाही मुलाबाबत व्हायला नको, कारण समाज इतका लहान की एक मूल गळालं तरी जागा रिकामी दिसते.

शुक्रवारची नाणी

हिब्रूत दानाला शब्द आहे 'त्सेदाका'. हा शब्द न्याय, नीती या अर्थाच्या मुळातून आलेला. म्हणजे देणाऱ्याने उपकार केले असं नाही, जे योग्य तेच केलं! आपण 'दानधर्म' म्हणतो, त्यात देणारा जरा वर आणि घेणारा जरा खाली असतो. त्सेदाकात तशी पायरी धरलेली नाही.

अनेक ज्यू घरांत त्सेदाकाचा एक डबा असतो. शुक्रवारी सूर्यास्ताआधी घरची बाई शब्बाथच्या मेणबत्त्या लावते. त्याआधी डब्यात एक-दोन नाणी टाकायची, अशी पुष्कळ घरांतली रीत. कितीतरी घरांत ही नाणी मुलांच्या हातून टाकून घेतात. मूल बोलायला शिकायच्या आधी द्यायला शिकतं. आपल्याकडे देवघरात नाणं ठेवतात तसंच काहीसं, फक्त हा डबा भरला की बाहेर जातो.

आणखी एक सुंदर नियम आहे 'अर्ध्या शेकेल'चा. शेकेल हे जुनं नाणं. बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकात सांगितलंय की प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यायचा. श्रीमंताने जास्त नाही आणि गरिबाने कमी नाही. त्याची आठवण म्हणून पुरीमच्या आदल्या दिवशी आजही अर्ध्या किमतीची नाणी देतात. विचार केलात का, मैत्रिणींनो? जिथे सगळ्यांचा आकडा एकच असतो, तिथे यादीत वरचं नाव आणि खालचं नाव असं काही उरतच नाही. वर्गणी संपते आणि वाटा सुरू होतो.

पुरीमचा दुसरा नियम तर त्याहून पुढचा. त्या दिवशी किमान दोन गरजूंना काहीतरी द्यायचंच. आणि जो स्वतः मदतीवर जगतो, त्यानेसुद्धा! घेणाऱ्याच्या हातालाही देण्याचा मान मिळाला पाहिजे, म्हणून. ज्या पोराची फी इतरांनी भरली, त्यानेही पाच रुपये डब्यात टाकायचे, खुर्च्या मांडायच्या, ताटं उचलायची. मग कुणाची मान खाली जात नाही.

पुरीमचा डबा आणि तीस घरांचं गणित

ज्यू तरुणांच्या गटांचा एक आवडता उपक्रम पुरीमच्या फराळाचा आहे. या दिवशी एकमेकांच्या घरी खाण्याचे पदार्थ पाठवायचे असतात. निदान एका मित्राला निदान दोन पदार्थ. अगदी आपल्या दिवाळीच्या फराळाच्या ताटासारखं. पाश्चात्त्य देशांत त्यात 'हामानताशन' असतात, म्हणजे खसखस किंवा जॅम भरलेली त्रिकोणी बिस्किटं. आपल्या करंजीची परदेशातली बहीणच म्हणा ना!

आता गंमत बघा. समजा एका वसाहतीत तीस घरं आहेत. प्रत्येकीने उरलेल्या एकोणतीस घरी डबा पाठवायचा तर एकूण किती डबे झाले? ८७०! निम्मे वाया जाणार, बायकांची कंबर मोडणार आणि ज्या घरी डबा चुकून गेला नाही तिथे रुसवा. यावर कित्येक सिनेगॉगच्या महिला आणि तरुण मंडळांनी तोडगा काढला. प्रत्येक घरी एकच छान डबा जाईल. तो मंडळाची मुलं भरतील आणि पोचवतील. सोबतच्या चिठ्ठीवर त्या घराला शुभेच्छा देणाऱ्या सगळ्यांची नावं असतील. नाव घालायचं असेल तर दर नावामागे ठरावीक रक्कम मंडळाला द्यायची.

हिशेब मांडून पाहू. दर नावामागे २० रुपये धरले, तर एका घराचे एकोणतीस नावांचे झाले ५८० रुपये. तीस घरांचे १७,४०० रुपये. एका डब्याला १५० रुपये खर्च आला तर तीस डब्यांचे ४,५०० रुपये. मंडळाकडे शिल्लक १२,९०० रुपये! घरच्या बाईचे श्रम वाचले, कुणी विसरलं गेलं नाही, आणि पोरांना दारोदार जाऊन प्रत्येक आजी-आजोबांना भेटता आलं. हा तिसरा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

याच डब्यात आपल्याकडच्या ज्यू घरातली पुरणपोळी ठेवली तर? होळीचा सण आणि पुरणपोळी! नागपुरात कुणाला समजावून सांगायला नको.

खाण्याच्या स्टॉलचे मात्र नियम कडक. ज्यू आहारात मांस आणि दूध एकत्र येत नाही. म्हणून कोकणातल्या बेने इस्रायल सुगरणींनी नारळाच्या दुधाशी गट्टी केली. मटणाचं कालवण असलं तरी त्या जेवणात गोड पदार्थ नारळाच्या दुधाचा ठेवता येतो. ज्यू मंडळाच्या मेळाव्यात एक स्टॉल मांसाहारी आणि दुसरा दुधाच्या बर्फीचा असेल, तर भांडीसुद्धा वेगळी लागतात.

पैशाला हात न लावता बोली!

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ. या काळात काम नाही, व्यवहार नाही, पैशाला हातसुद्धा लावायचा नाही. म्हणजे आनंद मेळावा, तंबोला, विक्री सगळं रविवारी किंवा इतर वारी. आपल्याला वाटेल, एवढी अडचण कशाला? पण त्यातून एक शहाणपण निघतं. आठवड्यातला एक दिवस तरी पैशाचा विषयच नाही. एकत्र जेवायचं, गायचं, बोलायचं.

सणाच्या दिवशी सिनेगॉगमध्ये काही मान असतात. पवित्र ग्रंथाच्या कपाटाचं दार उघडण्याचा, ग्रंथ हातात धरण्याचा. जगातल्या कित्येक सिनेगॉगमध्ये या मानाची बोली लागते. आपल्याकडे पहिल्या आरतीचा मान असतो ना, तसंच. पण सणाच्या दिवशी पैसा वर्ज्य, लिहिणंही वर्ज्य! मग बोली लक्षात ठेवायची कशी? काही ठिकाणी प्रत्येकाच्या नावाचं कार्ड आधीच तयार असतं, त्यावर रकमा छापलेल्या असतात. कबूल केलेल्या रकमेचा कोपरा दुमडायचा, झालं! पैसे नंतर भरायचे. सगळा कारभार शब्दावर. शब्द मोडला तर पावती नाही, पत गेली.

रकमेतही गंमत आहे. आपण ५१, १०१ असा वर एक रुपया ठेवतो. ज्यू मंडळी १८ किंवा १८च्या पटीत देतात. ३६, ५४, १८० असं. कारण हिब्रूत अक्षरांना आकड्यांची किंमत असते आणि 'खाय' म्हणजे 'जिवंत' या शब्दाची बेरीज अठरा होते. मुलगा तेरा वर्षांचा आणि मुलगी बारा वर्षांची झाली की ती धर्माच्या दृष्टीने जबाबदार मानली जातात. त्या समारंभात अशा रकमेच्या भेटी मिळतात. कितीतरी घरांत त्यातला काही भाग मुलांनी स्वतःच्या हाताने एखाद्या कामाला द्यावा असा प्रघात आहे.

बायकांनी जमवलेला पैसा

तुम्ही म्हणाल, डबे विकून, नाणी टाकून असं काय मोठं होणार? तर एक खरी गोष्ट ऐका.

१९१२ साली अमेरिकेत हेन्रिएटा झोल्ड या विदुषीने काही मैत्रिणींना घेऊन 'हदासा' ही ज्यू महिलांची संस्था काढली. पुढच्याच वर्षी त्यांनी जेरुसलेमला दोन परिचारिका पाठवल्या. त्यातूनच पुढे मोठं रुग्णालय उभं राहिलं. इकडे बर्लिनमध्ये रेखा फ्रायर नावाच्या शिक्षिका होत्या. ज्यू मुलांना कामावरून काढलं जातंय, शाळेत छळ होतोय, हे त्या बघत होत्या. या मुलांना पॅलेस्टाइनला पाठवायचं, तिथे शेती आणि शिक्षण द्यायचं, अशी योजना त्यांनी आखली. 'युवा आलिया' असं आपण तिचं नाव म्हणू. ३० जानेवारी १९३३ ला तिची संस्था स्थापन झाली. त्याच दिवशी हिटलर सत्तेवर आला!

पॅलेस्टाइन तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात. मुलाला प्रवेश हवा तर त्याच्या दोन वर्षांच्या पालनपोषणाचा खर्च आधी दाखवावा लागे. म्हणजे प्रत्येक मुलामागे एक ठरलेली रक्कम. ती जमली तर परवाना, नाही तर नाही. १९३५ पासून हदासाच्या महिलांनी अमेरिकेत हा पैसा जमवण्याचं काम अंगावर घेतलं. गावोगावच्या शाखा, सभा, भोजनं, वर्गण्या. तिकडे जेरुसलेममध्ये सत्तरी ओलांडलेल्या झोल्डबाई बोटीने आलेल्या मुलांची व्यवस्था बघत होत्या. त्यातून हजारो मुलं वाचली. त्यांतल्या पुष्कळांचे आईवडील मात्र पुन्हा कधी दिसले नाहीत.

तेव्हा 'बायकांची भिशी', 'बायकांचा चहा-चिवडा' असं कुणी हसून म्हणालं, तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा.

मोठा दाता हवाच, पण...

छोट्या वाट्यांनीच सगळं भागतं असं मात्र मुळीच नाही. मुंबईतल्या ज्यूंच्या इतिहासात मोठे दाते आहेत. बगदादहून आलेल्या ससून घराण्याने मुंबई-पुण्यात सिनेगॉग, ग्रंथालय, रुग्णालय उभारायला हात दिला. पुण्याचं 'लाल देऊळ' १८६७ सालचं, डेव्हिड ससून यांचं. पण बेने इस्रायल समाज श्रीमंत नव्हता. कारकून, शिपाई, रेल्वेतले नोकर, सुतार, परिचारिका, शिक्षिका. त्यांनी आपलं आपण उभं केलं. हाईम सॅम्युएल केहिमकर या गृहस्थांनी १८७५ साली मुंबईत 'इस्रायली शाळा' सुरू केली. लंडनच्या एका ज्यू संस्थेची मदत मिळाली, नंतर सर एली कदूरी यांची मोठी देणगी आली आणि शाळेला त्यांचं नाव लागलं. माझगावची ही शाळा आजही चालू आहे. ज्यू मुलं कमी झाली, तरी शाळेने दार लावलं नाही. आता तिथे शिकणारी बहुतेक मुलं इतर धर्मांची, त्यातही मुस्लिम जास्त.

बारावं शतक गाजवलेले मायमोनिडीस हे ज्यू वैद्य आणि पंडित. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खालची, कुरकुरत दिलेलं. त्याच्या वर, कमी पण हसून दिलेलं. मग मागितल्यावर दिलेलं, न मागता दिलेलं. त्याही वर गुप्तदान, ज्यात देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा. आणि सर्वांत वरची पायरी कोणती? समोरच्याला कर्ज देऊन, भागीदारी देऊन, काम देऊन पायावर उभं करणं, म्हणजे त्याला पुन्हा मागायची वेळच येऊ नये. १८८० साली रशियात सुरू झालेली 'ओआरटी' ही संस्था याच विचाराने हातचं कौशल्य शिकवते. तिची मुंबईतली शाखा १९६०च्या दशकातली.

ही वरची पायरी तरुणांच्या मंडळालाही लागू होते. मोठ्या दात्याने शिबिराचा सगळा खर्च उचलला तर मुलं पाहुणी होतात. त्यातला निम्मा खर्च मुलांनी स्वतः जमवला तर ती यजमान होतात. पाहुण्याला जेवण अळणी लागतं तेव्हा तो नाक मुरडतो. यजमान मीठ आणायला उठतो. एवढाच फरक, पण मंडळ टिकणं न टिकणं त्यावर असतं.

विखुरलेल्या छोट्या समाजात तर हे जास्तच खरं. परदेशातल्या नातेवाइकांकडून पैसा येऊ शकतो. पण रविवारी सिनेगॉगच्या ओट्यावर खुर्च्या मांडायला परदेशातून कुणी येत नाही. तिथे इथलंच पोर लागतं, आणि ते पोर 'हे माझं आहे' असं म्हणणारं लागतं.

दोघींनी जायचं, तिघींनी वाटायचं

पैसा आला की संशय येतो. 'ती एकटीच गेली होती म्हणे मागायला', 'पावती दिली नाही गं', अशी कुजबुज आपल्याही मंडळात होते ना? ज्यूंच्या तालमूद या जुन्या ग्रंथात याचा बंदोबस्त आहे. धर्मादाय पैसा गोळा करायला किमान दोन माणसांनी जायचं. वाटायला किमान तिघांनी बसायचं. गोळा करणाऱ्यांनी रस्त्यात एकमेकांपासून दूर व्हायचं नाही. वाटेत एखादं नाणं सापडलं, अगदी स्वतःचं असलं, तरी ते तिथल्या तिथे खिशात टाकायचं नाही. आधी पेटीत टाकायचं, घरी गेल्यावर काढून घ्यायचं. का? बघणाऱ्याला वाटू नये की पेटीतलं काढून घेतलं!

शेकडो वर्षांपूर्वीचा हा नियम, पण आजच्या कुठल्याही महिला मंडळाच्या भिंतीवर लावावा असा. प्रामाणिक असणं पुरेसं नाही, प्रामाणिक दिसलंही पाहिजे. त्यातून तुमची मैत्री वाचते. हिशेब चोख असला की मनं मोकळी राहतात.

तुमच्या मंडळासाठी

यंदा मुलांच्या शिबिरासाठी, मुलींच्या कबड्डी संघासाठी, वाचनालयासाठी पैसे जमवायचे असतील, तर एवढं करून बघा.

• एक रक्कम, सगळ्यांना सारखी. जी सगळ्यात बेताच्या घरालाही झेपेल तीच ठरवा. ज्यांना जास्त द्यायचं त्यांनी वेगळ्या गुप्तदान-पेटीत टाकावं, नावाचा उल्लेख नको.

• दिवाळीला 'एक घर, एक डबा'. वर सांगितलेलं तीस घरांचं गणित तुमच्या फ्लॅट स्कीमला किंवा लेआउटला लावा. नावं आधी घ्या, पैसे आधी घ्या, मगच सामान आणा. म्हणजे तोटा नाही आणि उरलेल्या चकल्या नाहीत.

• मागायला मुलांना पाठवा, पण जोडीने. काय मागतोय, कशासाठी, किती जमलं, हे त्यांनी दारात दोन वाक्यांत सांगितलं पाहिजे. आई मागे उभी राहून बोलायची नाही!

• ज्याला मदत मिळते, त्यालाही काम द्या. फी माफ केलेल्या मुलीकडे पाणी, रांगोळी, सूत्रसंचालन, काहीतरी सोपवा. आणि फी माफ केल्याचं दोघींपलीकडे कुणाला कळू देऊ नका.

• घरात एक डबा ठेवा. आठवड्यातला एक वार ठरवा. शुक्रवार असो, गुरुवार असो. नाणं मुलाच्या हातून टाका. वर्षाने डबा मुलांनीच फोडायचा आणि कुठे द्यायचा हेही त्यांनीच ठरवायचं.

• हिशेब आठ दिवसांत. किती आले, किती गेले, किती उरले. ग्रुपवर टाका आणि मंडळाच्या भिंतीवर कागद लावा. सही दोघींची.

मैत्रिणींनो, एवढ्याशा समाजाने हजारो किलोमीटरवरचं, कधी सात समुद्रांपलीकडचं नातं टिकवलं ते काही एकट्या श्रीमंतांच्या जोरावर नाही. शुक्रवारच्या दोन नाण्यांनी, पुरणपोळीच्या डब्यांनी आणि दुमडलेल्या कार्डांच्या कोपऱ्यांनीही ते टिकवलं. आपल्या पोरांचं मंडळ पुढच्या वर्षी असावं असं वाटतं ना? मग त्यांना पैसे देऊ नका. त्यांना पैसे जमवू द्या, आणि आपला वीस रुपयांचा वाटा मागायला ती दारात आली की पावती मात्र मागून घ्या!